कंबरेच्या केसमध्ये एमआरआयच्या आधी पहिला केसपेपर वाचतात

प्रश्न असा आला आहे: "माझे मोठे भाऊ, वय 40, जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये मुकादमामार्फत हमाली करतात. 2025 च्या फेब्रुवारीत ट्रकला लावलेल्या फळीवरून कट्टा (पोतं) चढवताना त्यांचा पाय सरकला. ते पाठीवरच्या ओझ्यासकट खाली बसले. त्या दिवशी उसण भरली म्हणून घरी मालीश केली, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. एमआरआयमध्ये कंबरेच्या एल-4 एल-5 मणक्यांमधली गादी सरकलेली आणि 'झिजेचे बदल' असं आलं. मालकाने सुरुवातीला फोन-पेवर 12,000 रुपये पाठवले. आता म्हणतात, दुखणं जुनं आहे, 40,000 घ्या आणि 500 च्या स्टँपवर सही करा. काय करावं?"

आधी स्टँपचं बोलतो, कारण ती सही उद्याही होऊन जाऊ शकते. करू नका. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 च्या कलम 17 नुसार भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार रद्दबातल असतो. मग सही केल्याने काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. बिघडतं ते पुराव्यात. त्या कागदाच्या चौथ्या-पाचव्या ओळीत "मला पूर्वीपासून कंबरेचा त्रास असून मालकांनी माणुसकीच्या नात्याने मदत केली" हे वाक्य हमखास असतं. नाव आणि तारीख तेवढी बदलते, बाकी मजकूर मला पाठ झाला आहे. करार म्हणून त्या कागदाला किंमत नसली तरी उलटतपासात तो भावाच्या हातात देऊन "ही सही तुमचीच ना?" एवढंच विचारतात. मालकाला खरोखर मिटवायचं असेल तर कलम 28 खाली करारनामा आयुक्तांकडे, म्हणजे कामगार न्यायालयात हे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, नोंदवू द्या. रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदणीचं नाव काढल्यावर मालक गप्प झाला तर काय समजायचं ते समजा.

आता माझा तुम्हाला पहिला प्रश्न. भावाची ई.एस.आय.ची (कामगार राज्य विम्याची) कपात होते का, किंवा व्हायला हवी होती का? दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेला कारखाना अधिसूचित क्षेत्रात असेल आणि पगार 21,000 पर्यंत असेल, तर कामगार ई.एस.आय.च्या छत्राखाली येतो आणि त्या कायद्याच्या कलम 53 मुळे 1923 च्या कायद्याखालचा दावा अडतो. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून हा अडसर दूर होत नाही. भरागथ इंजिनिअरिंगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच सांगितलं की वर्गणी देय होती एवढं पुरेसं आहे. ई.एस.आय.चा मार्ग वाईट नाही. तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजाच्या 90 टक्के मिळतात, कायमचं अपंगत्व वैद्यकीय मंडळ ठरवतं. पण रस्ता वेगळा, कचेरी वेगळी. मी अशी प्रकरणं पाहिली आहेत की चार वर्षं कामगार न्यायालयात चालवल्यानंतर सामनेवाल्याने ई.एस.आय.चा कागद काढला आणि अर्ज गेला. म्हणून हे आधी तपासा. पुढचं सगळं भाऊ ई.एस.आय.त येत नाहीत असं धरून सांगतो.

कायदा कोणता, हाही घोळ हल्ली होतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आणि हा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेला. पण तुमचा अपघात त्याच्या आधीचा, म्हणून हक्क जुन्या कायद्याने ठरेल. त्या कायद्यात अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे तुमच्यासाठी फेब्रुवारी 2027. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका.

आता मुख्य भांडण. हात कापला गेला तर तो कामावर कापला गेला की घरी, एवढाच वाद राहतो. कंबरेला मात्र जखम दिसत नाही. मालक म्हणणार, वयाने झीज झाली, एमआरआयमध्येच लिहिलंय. चाळिशीच्या कुठल्याही कष्टकरी माणसाचा एमआरआय काढा, काही ना काही झीज निघतेच, आणि त्यातल्या पुष्कळांची कंबर दुखतही नसते. त्यामुळे "झिजेचे बदल" या दोन शब्दांनी मालकही जिंकत नाही आणि "गादी सरकली" या दोन शब्दांनी आपणही जिंकत नाही. एमआरआय मणक्याची आजची अवस्था सांगतो. ती कधी आणि कशाने झाली, याची तारीख फिल्मवर छापलेली नसते.

कायद्यात मूळचा आजार असणं हा मालकाचा बचाव नाही. आपला कायदा इंग्लंडच्या कायद्यावर बेतलेला आहे. तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) 1903 मध्ये फेंटन विरुद्ध थॉर्ली या खटल्यात चाक फिरवताना जोर लागून अंतर्गळ (हर्निया) झालेल्या कामगाराच्या बाबतीत ठरवलं की अनपेक्षित इजा म्हणजे अपघातच, यंत्र मोडायलाच हवं असं नाही. 1910 च्या क्लोव्हर क्लेटन खटल्यातला कामगार तर आधीच आजारी होता. त्याच्या छातीतली महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फुगलेली होती आणि पान्याने नट आवळताना ती फुटली. रोजचंच काम, रोजचाच जोर, तरी तो अपघात धरला गेला. आपल्याकडे हीच विचारसरणी चालत आली आहे. कामाने दुखणं जन्माला घातलं नसेल, पण वाढवलं किंवा उघडं पाडलं असेल तरी जबाबदारी येते. मात्र हे आपण सिद्ध करावं लागतं. शकुंतला श्रेष्टी प्रकरणात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की कामावर असताना काही झालं एवढ्याने भागत नाही, कामाचा ताण आणि इजा यांचा संबंध पुराव्याने दिसला पाहिजे.

"वीस वर्षं पोती वाहून कंबर गेली" हे वाक्य कितीही खरं असलं तरी या कायद्यात ते टिकत नाही. व्यवसायजन्य रोगांच्या तिसऱ्या अनुसूचीत कंबरदुखी नाही. म्हणून एक दिवस, एक वेळ, एक घटना दाखवावी लागते. लोक माझ्यासमोर बसून सरळ विचारतात, "वकीलसाहेब, तारीख कोणती टाकू?" त्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. तुमच्याकडे घटना खरीच आहे, फळी आहे, ट्रक आहे. त्या दिवशीची तोलकाट्याची पावती, गेटच्या रजिस्टरला ट्रकची नोंद, सोबतच्या हमालांची नावं आत्ताच लिहून ठेवा. टोळीतले लोक हंगाम संपला की पांगतात, कोणी जिनिंगला जातं, कोणी रावेर-यावलला केळी भरायला.

आणि आता पहिला केसपेपर. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलात तेव्हा डॉक्टरांनी काय लिहिलं? आज संध्याकाळी तो कागद काढून वाचा. कंबरेच्या बहुतेक केसेसचा निकाल माझ्या मते त्या अर्ध्या पानावर लागलेला असतो.

माझी एक हरलेली केस सांगतो. धरणगावकडच्या एका जिनिंगमधला माणूस, गाठ ढकलताना कंबर धरली. रुईची एक गाठ 170 किलोची, ती ट्रॉलीवरून घसरली तेव्हा त्याने पाठ लावून अडवली होती. साक्षीदार दोन, दोघेही बोलले. पण पहिल्या केसपेपरवर लिहिलं होतं, "दोन महिन्यांपासून कंबरदुखी". झालं असं की डॉक्टरांनी "कधीपासून दुखतं?" विचारलं आणि सोबत आलेल्या बायकोने सांगून टाकलं की दोन महिने झाले, बारीक बारीक दुखतच होती. ते खरंही होतं. गाठीचं मात्र कोणीच बोललं नाही. उलटतपासात वकिलांनी विचारलं, पडलात असं डॉक्टरांना सांगितलं होतं का? माझा अर्जदार अहिराणीत म्हणाला, "त्यास्नी इचारं नही, मी सांगं नही." स्टेनोने टाइप केलं: "मी डॉक्टरांना अपघाताबाबत सांगितले नाही हे म्हणणे खरे आहे." बोललेल्यात अर्धी चूक डॉक्टरांच्या न विचारण्याची होती. टाइप झालेल्यात सगळी अर्जदाराची. त्या पहिल्या डॉक्टरला मी साक्षीला बोलावलं नाही, फीचा विचार केला. आता बोलावलं असतं.

तुमच्या केसपेपरवर "वजन उचलताना", "कामावर घसरून" असं काही लिहिलं असेल तर त्याची प्रमाणित प्रत आजच घ्या. नसेल तर नंतरचे कागद बघा. फिजिओथेरपीवाले पुष्कळदा डॉक्टरांपेक्षा सविस्तर इतिहास लिहून घेतात. कागदात खाडाखोड करून घेऊ नका, वेगळ्या शाईचं वाक्य कोर्टात लगेच दिसतं. आणि मालीश केल्याचं लपवू नका. सामनेवाला म्हणेल, मालीशवाल्यानेच गादी सरकवली. त्याचं उत्तर सोपं आहे. पाय धड चालत असता तर माणूस मालीश करायला कशाला बसला असता? पहिल्या दिवसापासून कळ पायात उतरत होती, तळपाय मुंग्या आल्यासारखा सुन्न होता, हे कुठे नोंदलेलं असेल तर फार उपयोगाचं. डॉक्टरांसाठी ते नस दबल्याचं लक्षण आहे, आणि नुसत्या "कंबर दुखते" यापेक्षा ते खोटं ठरवणं कठीण. (लघवीवरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरता आली तर वकिलाला फोन करू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा. ती तासांची गोष्ट असते.)

मालकाचे 12,000 तुमच्या कामाचे आहेत, त्याच्या लक्षात आलं नसेल तरी. कायद्याला अपघाताची नोटीस लागते, पण मालकाला दुसऱ्या मार्गाने अपघात कळला असेल तर नोटीस दिली नाही म्हणून अर्ज अडत नाही. फेब्रुवारीतला फोन-पेचा व्यवहार म्हणजे त्याला कळलं होतं याचा पुरावा. शिवाय ती रक्कम उपचारासाठी होती, म्हणून भरपाईतून वजा होत नाही. कलम 4 मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच कलमाखाली प्रत्यक्ष झालेला औषधोपचाराचा खर्चही मालकाकडून मिळतो, फक्त बिलं लागतात. मेडिकलवाल्याची कच्ची चिठ्ठी चालत नाही.

"तो माझा माणूसच नाही, मुकादमाचा आहे" हे पुढचं वाक्य. त्यासाठी कलम 12 आहे. मालकाच्या धंद्याचंच काम ठेकेदारामार्फत करून घेतलं तर मूळ मालक जबाबदार, मग त्याने ठेकेदाराकडून वसूल करून घ्यावं. डाळमिलमध्ये माल चढवणं-उतरवणं हा धंद्याचाच भाग आहे, यावर फार वाद होत नाही. अर्जात दोघांनाही सामनेवाले करा, आणि मिलची कामगारांची विमा पॉलिसी असेल तर विमा कंपनीलाही. भाऊ माथाडी मंडळात नोंदलेले असतील तर मंडळाचा हजेरी-मजुरीचा हिशोब मागवा. त्यातून रोजगारही सिद्ध होतो आणि पगारही.

पगार किती, हा कंटाळवाणा पण पैशाचा मुद्दा. हमाली नगावर असते, म्हणून मागच्या बारा महिन्यांची एकूण मजुरी भागिले बारा असा महिना काढतात. जानेवारी 2020 पासून कमाल 15,000 धरतात. भाऊ 19,000 कमवत असले तरी हिशोब 15,000 वरच. जास्तीत जास्त भरपाईचं सूत्र: पगाराच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक. चाळीस पूर्ण असताना चौथ्या अनुसूचीत गुणांक 184.17 आहे. म्हणजे 9,000 गुणिले 184.17, बरोबर 16,57,530 रुपये. हे कमावण्याची ताकद पूर्ण गेली तर. ती 30 टक्के गेली असं ठरलं तर 4,97,259. 12 टक्के ठरली तर साधारण 1,98,900. तुमच्या स्टँपवरचे 40,000 या रांगेत कुठे बसतात ते बघा.

आता या टक्क्यांचाच खेळ. तुम्ही भावाला सिव्हिल हॉस्पिटलला नेलं, दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं, त्यावर समजा 12 टक्के आले. लोक तो कागद लावतात आणि त्यावरच भांडतात. पण 12 टक्के हे शरीराचं मोजमाप आहे. कायदा विचारतो, कमावण्याची ताकद किती गेली? अनुसूची एकमध्ये (इजेनुसार टक्के ठरवून दिलेल्या यादीत) नसलेल्या इजेत कलम 4(1)(क)(दोन) खाली ती टक्केवारी पात्र डॉक्टरने सांगायची असते. बारकावा असा की अपघाताच्या वेळी माणूस जी कामं करू शकत होता, ती डोळ्यांसमोर ठेवायची. भाऊ शाळा किती शिकलेत? हिशोब लिहिता येतो का? आयुष्यात पाठीवर कट्टा घेण्यापलीकडे दुसरं काम केलंय का? कारकुनाची कंबर 12 टक्के गेली तर तो खुर्चीवरची गादी बदलून तिथेच बसतो. हमालाची तेवढीच गेली तर फळीवर चढताच येत नाही. 1975 मध्ये निकाल लागलेल्या प्रतापनारायण सिंह देव प्रकरणात सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापला गेला होता. अनुसूचीत त्याला शंभर टक्के नाहीत, तरी एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून शंभर टक्के धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. कंबरेत मी शंभर टक्क्यांची आशा दाखवणार नाही. शस्त्रक्रियेनंतरही पाऊल लोंबतं किंवा बसताच येत नाही अशा केसमध्येच मी ते मागतो. पण 12 वर समाधान मानणंही चूक.

त्यासाठी डॉक्टरला योग्य प्रश्न विचारावा लागतो. प्रमाणपत्र मागताना "किती टक्के?" एवढंच विचारू नका. पत्र लिहून विचारा: हा माणूस 50 किलो उचलू शकेल का, 20 किलो तरी? किती वेळ उभा राहू शकेल? वाकू शकेल? चढ चढू शकेल? हे काम पुन्हा करता येईल असं तुमचं मत आहे का, नसेल तर का? आणि ते डॉक्टर साक्षीला येतील का, हे आधीच विचारून घ्या. उपचार करणारे पुष्कळ डॉक्टर कोर्ट म्हटलं की मागे सरतात. त्यांचंही खरं आहे, ओपीडी सोडून दिवसभर बाकावर बसावं लागतं. पण कागद नुसता दाखल करून चालत नाही, तो शाबित व्हावा लागतो, त्याच्यावर निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडावी लागते. आयुक्तांनी एकदा पुराव्यावरून टक्के ठरवले की अपिलात ते सहसा हलत नाहीत. अपील संभाजीनगर खंडपीठात जातं आणि तेही महत्त्वाच्या कायदेशीर प्रश्नावरच. गोल्ला राजण्णा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाला नेमकं हेच सुनावलं होतं. म्हणजे जळगावात कामगार न्यायालयात जे होईल तेच खरं, पुढे दुरुस्त करू असं मनात ठेवू नका.

दरम्यान घरखर्च कसा चालवायचा? तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला पगाराच्या 25 टक्के, म्हणजे 3,750 रुपये मिळायला हवेत. अर्जात त्याची मागणी घाला. ही मिळालेली रक्कम मात्र शेवटच्या भरपाईतून वजा होते. भरपाई देय झाल्यापासून महिन्यात दिली नाही तर वर्षाला 12 टक्के व्याज, आणि कारण नसताना उशीर केला तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. दंड मालकानेच भरायचा असतो, विमा कंपनी सहसा तो घेत नाही. मालकाला तडजोडीला बसवायचं असेल तर या दंडाचा उल्लेख नोटिशीत ठळक करा.

एक शेवटची गोष्ट, भावाला समोर बसवून सांगा. गेल्या काही वर्षांत विमा कंपन्या चौकशीला माणूस पाठवतात, आणि त्याला फार फिरावंही लागत नाही, मोबाइलवरच सगळं सापडतं. पारोळ्याकडच्या माझ्या एका अर्जदाराचा कानबाईच्या विसर्जनातला व्हिडिओ उलटतपासात दाखवला गेला. डफाच्या तालावर साहेब नाचताहेत, अर्धा मिनिट. "कंबर दुखणारा माणूस असा नाचतो का?" मला खाली मान घालून बसावं लागलं. अर्जदार मात्र म्हणाला, "साहेब, पुढचं पण दाखवा ना." पुढेही व्हिडिओ होता, दाखवला तो कापलेला. त्याच्या पुतण्याच्या मोबाइलवर पूर्ण सापडला. त्यात नाचून झाल्यावर तो रस्त्याच्या कडेला ओट्यावर आडवा झालेला दिसतो आणि दोघं त्याला धरून नेतात. ती केस आम्ही 35 टक्क्यांवर जिंकलो. पण पुतण्याने मोबाइल बदलला असता तर? भावाने सणाला घरात कोंडून घ्यावं असं मी म्हणत नाही. जबाबात "मला काहीच करता येत नाही" असं मात्र सांगू नये. किती चालता येतं, कोणत्या दिवशी बरं वाटतं, कोणत्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, हे जसं आहे तसं सांगावं.

फीची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याची तरतूद 1987 च्या कायद्यात आहे. जाताना नमुना एफ मधला अर्ज भरण्यासाठी आधार, केसपेपर, एमआरआयची फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही, फोन-पेचं स्टेटमेंट आणि साक्षीदारांची नावं घेऊन जा. फिल्म गुंडाळून रबर लावू नका, कडक होऊन चरे पडतात. मोठ्या पाकिटात सपाट ठेवा.